"मला चढतच नाही!"

आज हळदीत चुलतभाऊ छाती फुगवून सांगत होता, "चार पेग झाले, पण चढतच नाही!" सगळे हसले. काकांचंही हेच वाक्य असायचं, आणि काका दारूनेच गेले.

अमेरिकेतल्या सॅन दिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी १९८० च्या दशकात व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली. रक्तात अल्कोहोल इतरांइतकंच, तरी या मुलांना नशा कमी जाणवली. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही कमी वाढलं. 'बस कर' सांगणारी घंटाच हळू वाजते म्हणा ना! पुढे व्यसनाचा धोकाही अशांनाच जास्त दिसला. (सगळेच अडकत नाहीत; जनुकांचा वाटा साधारण निम्मा.)

आणि हा त्यालाच ताकद समजतोय. उद्या सकाळी बोलणार आहे. आत्ता डीजेसमोर काय डोंबल ऐकणार!