सात वाजून नऊ मिनिटं

१५ जानेवारी, पुणे

पावणेसातला टेकडीच्या वाटेवरचे दगड नीट दिसत नव्हते. २४ नोव्हेंबरला याच वेळेला सूर्य उगवत होता, आज उगवला ७:०९ ला. काल संक्रांत झाली. तिळगूळ वाटून झाला, आता दिवस तिळातिळाने वाढणार असं घरोघर म्हणून झालं आणि सकाळ मात्र होती त्याहून काळोखी. फार लागलं मनाला. ताईचा फोनही घेतला नाही. तिच्याशी उद्या बोलेन.

दिवस वाढतोय हे खरंच आहे. २१ डिसेंबरला पुण्यात तो ११ तास १ मिनिटाचा होता, आज ११ तास ८ मिनिटांचा. सात मिनिटं मिळाली, पण कोणाला? सूर्यास्त ६:०३ वरून ६:१८ वर गेला आणि सूर्योदय ७:०२ वरून ७:०९ वर. म्हणजे संध्याकाळच्या पदरात पंधरा मिनिटं पडली आणि पहाटेची होती तीही गेली. ज्यांचा दिवस ऑफिस सुटल्यावर सुरू होतो त्यांना हे जाणवणारही नाही. पहाटे उठणाऱ्याला जाणवतं.

कारण मध्यान्हच सरकते. सूर्य डोक्यावरून गेल्यापासून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे येईपर्यंत बरोबर २४ तास लागतात असं आपण धरून चालतो, पण डिसेंबरअखेर त्याला जवळजवळ अर्धा मिनिट जास्त लागतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, म्हणून सर्वांत वेगात पळत असते. शिवाय अयनबिंदूजवळ, म्हणजे सर्वांत लहान दिवसाच्या आसपास, सूर्याची ताऱ्यांमधली वाट विषुववृत्ताला जवळपास समांतर असते, त्यामुळे त्याचं पूर्वेकडे सरकणं पूर्णच्या पूर्ण हिशेबात येतं. पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं. पुण्याची मध्यान्ह २१ डिसेंबरला १२:३३ ला होती, आज १२:४४ ला. अकरा मिनिटं. दिवस वाढल्यामुळे सकाळ साडेतीन मिनिटं अलीकडे यायला हवी होती, ती या अकरांत बुडाली.

घड्याळात बारा वाजता मध्यान्ह का नाही, तर आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे ७३.८६ वर. दर अंशाला चार मिनिटं धरली की साडेचौतीस मिनिटांचा फरक इथेच पडतो.

पण पुन्हा पुन्हा मन पहाटेवरच येतं. लंडनला दिवस ७ तास ५० मिनिटांपर्यंत आखडतो, पण तिथे तो मग इतक्या झपाट्याने वाढतो की नवीन वर्ष लागता लागता पहाटही अलीकडे यायला लागते. आपण १८.५ अंश अक्षांशावर. इथे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या (१३ तास १४ मिनिटं) दिवसात सव्वादोन तासांचंच अंतर, म्हणून वाढही कणाकणाने होते आणि मध्यान्हेचं सरकणं जिंकतं. कन्याकुमारीला तर जानेवारी संपेपर्यंत सूर्योदय लांबतच राहतो. कमी हेलकावे वाट्याला आले की त्याची किंमत अशी पहाटेला मोजावी लागते.

संक्रांतीवर राग काढण्यात अर्थ नाही. सुमारे १७०० वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे साधारण ७२ वर्षांना एक दिवस असं करत अंतर पडलं. टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला पौष २२ डिसेंबरलाच सुरू होतो. आणि संध्याकाळपुरतं ते तिळाचं म्हणणं अगदी खरं आहे. हे लिहिताना थोडं हलकं वाटलं.

स्वतः पडताळायचं असेल त्याने गच्चीत खुंटी रोवावी. फळी पाणसळीने सपाट करायची, ३० सेंटिमीटरची खुंटी ओळंब्याने सरळ उभी करायची, तिच्या पायाशी दोरी धरून ४० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. सावलीचं टोक वर्तुळाला सकाळी कधी शिवलं आणि दुपारी कधी शिवलं ते लिहायचं. आजचे आकडे १०:१९ आणि ३:०८, त्यांचा मध्य म्हणजे मध्यान्ह. सर्वांत आखूड सावलीची वाट बघत बसू नये. मध्यान्हेच्या आसपास तिची लांबी इतकी कमी बदलते की पाच-सात मिनिटं सहज हुकतात. खुंटी पूर्व-पश्चिम अंशभर कलली तरी दीडएक मिनिट चुकतं, म्हणून ओळंबा दोन बाजूंनी बघायचा.

आता सूर्योदय काही दिवस ७:०९ च्या आसपास थबकेल आणि मग मागे फिरेल. २१ डिसेंबरचं ७:०२ परत मिळेल ते थेट १५ फेब्रुवारीला, तेव्हा दिवस ११ तास ३२ मिनिटांचा झालेला असेल. मार्चमध्ये तो रोज मिनिटभराने वाढतो. १४ मार्चच्या सुमारास पुरे बारा तास होतात, विषुवदिनाच्या आधीच, कारण हवा सूर्याचं बिंब उचलून दाखवते आणि आपण त्याची वरची कड दिसली की सूर्योदय धरतो.

तोवर सकाळी बॅटरी बरोबर न्यायची. खुंटी काढलेली नाही. १० फेब्रुवारीला पुन्हा मोजेन, मध्यान्ह १२:४९ यायला हवी.