भुसावळात बोट कशाला?

आमच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात दहा फूट लांब, चार फूट रुंद पाटावर मी रेल्वेचा लेआउट मांडलाय, म्हणजे खेळण्याएवढ्या गाड्यांची छोटी रेल्वे. बघायला येणारा आधी इंजिनापाशी जातो, मग सिग्नलचे दिवे लावून बघतो, आणि फिरत फिरत डाव्या टोकाशी येऊन थांबतो. तिथे नदी आहे, नदीत जहाज आहे, जहाजावर रूळ आहेत आणि रुळांवर मालगाडीचे डबे. मग प्रश्न येतोच. अमळनेरचा भाचा तर दारातूनच म्हणाला, “मामा, आपला आठे समुद्र कोठे शे?” दिवाळीत तुम्हीही तेच विचारलंत. खाली पानं वाढून झाली होती, म्हणून उत्तर अर्धंच राहिलं. ते आता पुरं करतो.

मी भुसावळच्या यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे तोडण्या-जोडण्याच्या कामाला होतो. पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, म्हणून लागलो, शंटिंग मास्तर म्हणून निवृत्त झालो. गाडी म्हटलं की लोकांना इंजिन आठवतं, ड्रायव्हर आठवतो, फार तर गार्डाची झेंडी. पण ती गाडी तयार कशी होते? कुठून कुठून आलेले डबे सोडवायचे, कुणाला कुठे जायचंय ते बघून वेगवेगळ्या लायनींत टाकायचे, पुन्हा क्रमानं जोडायचे. हे सगळं रात्री, फलाटापासून लांब, हातबत्तीच्या इशाऱ्यावर चालतं. जानेवारीच्या पहाटे दोन डब्यांच्या बफरांच्या मध्ये वाकून त्यांना जोडणारं स्क्रू कपलिंग आवळताना लोखंड हाताला कसं चावतं, हे करणाऱ्यालाच ठाऊक.

निवृत्तीनंतर पहिला लेआउट केला तो साधा, अंड्याच्या आकाराचा. गाडी गोल फिरायची. पोरं तीन फेऱ्या बघायची आणि खाली पळायची. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही त्यात माझं काम कुठे दिसत नव्हतं. मला अशी जागा हवी होती जिथे गाडीला थांबावंच लागेल, तुटावंच लागेल, आणि डबे कोणत्या क्रमानं लावले यावर सगळं अडेल. रेल्वेत अशी जागा म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या जहाजाचा घाट.

हा प्रकार आपल्या देशातही होता. गंगेवर मोकामा घाट ते सिमरिया घाट, खाली सकरीगली घाट ते मनिहारी घाट, आणि ब्रह्मपुत्रेवर गुवाहाटीजवळ पांडू ते अमीनगाव. रूळ नदीच्या काठाशी येऊन संपायचे. प्रवासी उतरून स्टीमरनं पलीकडे जायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. पांडूला मालाचे डबे तर चाकांसकट जहाजावर चढवले जायचे. वाघांच्या शिकारीसाठी लोक ज्यांना ओळखतात ते जिम कॉर्बेट मोकामा घाटावर वीसएक वर्षं माल उतरवण्या-चढवण्याचे ठेकेदार होते. एका गेजच्या, म्हणजे रुळांच्या एका रुंदीच्या, डब्यातला माल दुसऱ्या गेजच्या डब्यात घालायचं ते काम. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या कामामुळे जास्त. १९५९ साली मोकाम्याला राजेंद्र सेतू झाला, १९६२ साली ब्रह्मपुत्रेवर सराईघाटचा पूल झाला, आणि एकेक घाट शांत होत गेला. आपल्या तापीवर रेल्वेनं पूलच बांधला, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हे चित्र परकं वाटतं.

या विद्येचा आरंभ स्कॉटलंडात. १८५० साली फोर्थच्या खाडीवर ‘लेव्हायथन’ नावाचं जहाज मालगाडीचे डबे घेऊन ग्रँटन ते बर्नटायलंड जाऊ लागलं. भरती-ओहोटीनं पाणी वर-खाली होतं, तरी डबा रुळावरून न उतरता जहाजात जावा यासाठी थॉमस बाउच या अभियंत्यानं किनाऱ्यावर हलता उतार बांधला. पुढे याच माणसानं टे नदीवर मोठा पूल बांधला. तो १८७९ च्या डिसेंबरात वादळात गाडीसकट कोसळला. लोकांना बाउच त्या पुलापायी आठवतो. मला त्याचा तो हलता उतार आठवतो, कारण माझी सहा महिने झोप उडवली ती त्याच उतारानं.

पण त्याआधी तापीचं सांगायला हवं. आईचं माहेर नदीपलीकडे. लहानपणी आम्ही नावेनं जायचो. नावाडी भोई, काठावर उभा राहून माणसं, पोती, शेळ्या सगळ्यांवर नजर फिरवायचा. भाडं घ्यायच्या आधी तो जागा सांगायचा. “मधी बसा, मधी!” धान्याची पोती बरोबर मध्ये, जाडजूड माणसं समोरासमोर, पोरं कडेला. एकदा एका पाव्हण्यानं ऐकलं नाही, मित्राशेजारी जाऊन बसला. नाव वीतभर कलली आणि पाणी काठाला लागलं. भोयानं शब्द न काढता वल्हं आडवं धरलं आणि तो माणूस उठून जागेवर जाईस्तोवर नाव सोडली नाही. पुढे यार्डात गेल्यावर मला तो भोई पुष्कळदा आठवला. जड काय, हलकं काय, आधी काय, नंतर काय, हे त्याला कागदाशिवाय कळत होतं.

आता बोट कशी केली ते.

माप एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. मीटरगेजचा एक मीटर या मापात साडेअकरा मिलिमीटर होतो. बाजारात १२ मिलिमीटर रुंदीचा रूळ मिळतो, अर्ध्या मिलिमीटरची चूक मी पत्करली. जहाज ६५ सेंटिमीटर लांब, ११ रुंद, म्हणजे खरं असतं तर साडेछप्पन्न मीटरचं. अमुकच जहाजाची नक्कल नाही. घाटांचे जुने फोटो बघून, दोन रुळांचं, मधोमध कमानीवर कप्तानाची खोली असलेलं, असं मनानं रचलंय. पाण्याखालचा भाग केलाच नाही. पाण्याच्या रेषेवर कापलेलं जहाज पाटावर नीट बसतं.

अंग प्लायवूडचं, त्यावर प्लास्टिकचे पातळ पत्रे. रिव्हेटांच्या रांगांसाठी बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाचं दातेरी चाक कामी आलं. पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या उलट्या बाजूनं पट्टी धरून ते चाक फिरवलं की सुलट बाजूला टपोरे ठिपके उठतात, बरोबर मिलिमीटरभर अंतरानं. कठड्यासाठी मोटार वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली. आपल्याकडे शेतीच्या मोटारी जळतात तेवढ्या कुठे जळत असतील? जुनी तार किलोनं पडलेली असते. ती दोन पकडींत धरून किंचित ताणली की दोरीसारखी सरळ होते.

आणि टायर. घाटाला घासू नये म्हणून जहाजाच्या कडेला ट्रकचे टायर टांगलेले असतात. ट्रकचा टायर साधारण मीटरभर उंच, म्हणजे माझ्या मापात बारा मिलिमीटरच्या आतबाहेर. बरेच दिवस शोधत होतो. एक दिवस मेहुण्याच्या केळीच्या बागेत उभा होतो आणि पायाशीच उत्तर पडलेलं दिसलं. ठिबकची बारा एमएमची काळी नळी! वीतभर तुकडा आणला, सव्वातीन मिलिमीटरच्या चकत्या कापल्या, पॉलिश पेपरनं कडा मोडल्या, वर तपकिरी धुळीचा रंग. वीस टायर झाले. खानदेशातल्या माणसाला बोट करायला समुद्र लागत नाही, हे मी भाच्याला तेव्हा फोन करून सांगितलं.

दिसायला जहाज चार महिन्यांत झालं. पण ते नुसतं शोभेचं होतं. डबे कसेही चढवा, ते ढिम्म उभं. मग शंटिंग कुठे आलं त्यात? मी ते पाटावरून उपटलं आणि खाली तोल बसवला. पुढे-मागे सायकलच्या हबमधला एकेक छर्रा, त्यावर जहाज टेकलेलं, दोन्ही अंगांना बॉलपेनच्या स्प्रिंगा. प्रत्येक डब्यात नट भरून वजन पन्नास ग्रॅम केलं. आता एका रुळावर एक डबा जास्त असला तर जहाज जरा मान वाकवतं. दोन जास्त झाले तर कललेलं दूरवरून दिसतं. तीन झाले तर जहाजाचा रूळ आणि किनाऱ्याचा रूळ यांत मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी पडते. चाकाची आतली कड, जी डब्याला रुळावर धरून ठेवते, तीच जेमतेम मिलिमीटरभर उंच. डबा घसरणारच.

खऱ्या घाटावरही हाच नियम. दोन्ही रूळ बरोबरीनं भरायचे, बरोबरीनं रिकामे करायचे. आणि इंजिन जहाजावर न्यायचं नाही. ते फार जड, किनारा आणि जहाज यांच्यामधल्या पुलावर त्याचा भार नको. म्हणून इंजिन आणि माल यांच्यामध्ये रिकामे सपाट डबे जोडतात. इंजिन किनाऱ्यावरच राहतं आणि त्या सपाट डब्यांच्या लांबीनं पुढचे डबे जहाजात ढकलतं. त्यामुळे माझ्या जहाजावरच्या रुळात इंजिनाला लागणारी वीज सोडलेली नाही, तिची गरजच नाही.

आता तो पूल, म्हणजे माझा हलता उतार. किनारा आणि जहाज यांच्यामधला, बिजागरीवर हलणारा. माझा तीस सेंटिमीटरचा आहे. पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची नदी दाखवायला जहाजाची पातळी मधल्या जागेपासून बारा मिलिमीटर वर आणि बारा खाली नेता येते. तेवढ्यात चढ होतो पंचविसास एक. कसाऱ्याचा घाट सदतिसास एक आहे आणि तिथे गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, यावरून हा चढ किती उभा ते समजून घ्या.

पहिला पूल पाच एमएम प्लायचा केला. ताठ होता. जहाज कललं की पुलाचा एक कोपरा हवेत. त्याला पीळ खाता यायला हवा होता. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून तांब्याचा थर असलेल्या बोर्डाच्या पट्ट्या आणल्या, त्यांचे रुळाखालचे आडवे स्लीपर केले, रूळ त्यांना डाख दिला आणि खालची फळी काढूनच टाकली. आता पूल शिडीसारखा आहे, जहाजाबरोबर वळतो.

तो मार्चात जमला. मेमध्ये मोडला. बाहेर पारा पंचेचाळिसावर, पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी चहा घेऊन वर गेलो तर पुलाची बिजागरी उचकटलेली, रूळ धनुष्यासारखा वर आलेला, चार डबे रंगवलेल्या पाण्यात आडवे. ज्या यार्डात उन्हाळ्यात रुळांच्या फटींवर गँगमनची नजर असायची, तिथे मी जन्म काढला, आणि घरात मात्र फट ठेवली होती व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. हिशेब केला. तीन मीटर रूळ, जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत तीस अंशांचा फरक, म्हणजे रूळ दीडेक मिलिमीटर वाढतो. ती वाढ आतमध्ये तीन ठिकाणी वाटून दिली आणि पुलाच्या तोंडाशी एक तिरका जोड ठेवला, म्हणजे रूळ एकमेकांना ढकलण्याऐवजी शेजारून सरकतात. गेले दोन मे निभावले.

सुट्टीत गल्लीतली पोरं वर येतात. इंजिन चालवायला आता कुणी फारसं भांडत नाही, भांडण होतं ते डबे कोण लावणार यावरून. पहिल्या वेळी सगळेच एक रूळ भरून टाकतात आणि जहाज कलतं. मी काही बोलत नाही. शेजारच्या चौथीतल्या मुलीनं तिसऱ्या दिवशी स्वतःच दोन डावीकडे, दोन उजवीकडे सुरू केलं, आणि धाकट्या भावाला खांद्याला धरून मागे ओढत म्हणाली, “थांब, आधी तिकडचा.”

तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा जेवणाआधी वर या. बारा डबे आहेत, सहा-सहा. त्यातला एक बाकीच्यांसारखाच दिसतो, पण त्यात मी शिसं भरलंय, तो दोघांच्या वजनाचा आहे. भिंतीवर, डब्यांची नोंद ठेवणाऱ्या ट्रेन्स क्लार्कच्या यादीसारखी चिठ्ठी लावलेली आहे, नंबर आणि वजन दोन्ही लिहिलेलं. डब्याला हात लावण्याआधी ती वाचा.