लूप डायरी: सिमांडेचा बेस अखेर सुरात

मिटलं एकदाचं! सिमांडे या बँडच्या 'द मेसेज' या गाण्यातून बेस आणि गिटारचे तुकडे (सॅम्पल) उचलून मी लूप, म्हणजे फिरत राहणारा तुकडा, बांधतोय; आणि मागच्या नोंदीपासून हे दोन्ही एकमेकांशी भांडत होते. एकच रेकॉर्ड, एकच बँड, आणि तरी बेस किंचित चढा. तानपुरा जरासा उतरला की गायकाला जे होतं, तेच माझं चाललं होतं.

पहिला संशय रेकॉर्डच्या छपाईवर, म्हणजे प्रेसिंगवर. हे जुनी रेकॉर्ड पुन्हा काढणारे रीइश्यूवाले भोक मधोमध पाडतील तर शपथ! पण भोक सरकलेलं असेल तर सूर फेऱ्यागणिक वरखाली हेलकावतो. हा तर सतत तेवढाच चढा. मग डेक, म्हणजे टर्नटेबल, तपासला. वेग दाखवणारे स्ट्रोबचे ठिपके जागच्या जागी.

चोर निघाला तो आपल्या लाडक्या ४५ च्या युक्तीत. एसपी-१२०० या जुन्या १२ बिटच्या सॅम्पलर मशीनमध्ये एक सॅम्पल जास्तीत जास्त २.५ सेकंदांचं, म्हणजे ९६ बीपीएमपेक्षा (मिनिटाला ९६ ठोके) संथ गाण्याची एक अख्खी बारही, म्हणजे चार ठोकेही, मावत नाही. म्हणून त्या काळचे प्रोड्यूसर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून घ्यायचे आणि मग पिच खाली आणायचे. त्या मशीनची नक्कल करणारं माझं संगणकावरचं प्लगइनही तसंच हट्टी, पायऱ्या अख्ख्या सेमीटोनच्या (अर्ध्या सुराच्या). आता हिशेब बघा: ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५, म्हणजे जवळजवळ ५.२ सेमीटोन. मी उतरवतोय ५. उरलेले २० सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) बेसच्या बोकांडी! गिटारचा चॉप, म्हणजे कापलेला तुकडा, छोटा म्हणून थेट ३३ वर घेतलेला, तो अर्थातच सुरात.

सेंटमध्ये दुरुस्ती डीएडब्ल्यूत (संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये) चुटकीसरशी होते, पण मग १२ बिटचं सोंग तरी कशाला? उपाय डेकवरच होता. वेग कमीजास्त करणारा पिच फेडर उणे १.१ टक्क्यावर, मग ४५, मग ५ पायऱ्या खाली. बेस असा बसला की मी दिवे घालवून नुसता ऐकत राहिलो. वरून ती खरखर फुकटात.

या लूपचा प्रवासच असा आहे की त्यावर एवढी मेहनत परवडते. कॅरिबियन बेटांवरून आणि गयानातून लंडनला आलेल्या मंडळींचा हा १९७२ चा ग्रूव्ह. १९९० मध्ये तो पॅरिसमध्ये 'बूज द ला' या रॅप गाण्याखाली वाजला, आणि वर रॅप करणारा एमसी सोलार डाकारमध्ये जन्मलेला, आईवडील चाडचे. फ्रेंच रॅप घराघरांत नेला तो या पोराने, असं माझं ठाम मत. तीन वर्षांनी अमेरिकन रॅपर गुरू याने त्याला 'जॅझमॅटॅझ' या अल्बमवर घेतलं आणि तिथेही तो फ्रेंचमध्येच बोलला. न्यूयॉर्कची नक्कल करायची त्याला गरजच वाटली नाही.

पुढचा नंबर हायतीशी नातं असलेल्या फ्यूजीज या रॅप गटाचा ठरला होता; त्यांच्या 'द स्कोर'मध्ये सिमांडेच्याच 'डव्ह' गाण्याचं सॅम्पल आहे, हातासरशी झालं असतं. पण हे लिहिता लिहिताच बेत फिरला. १९९२ मध्ये सोलार डाकारला कार्यक्रमाला गेला, तिथे पॉझिटिव्ह ब्लॅक सोल ही तिथली रॅप जोडी त्याला भेटली आणि त्याने त्यांना फ्रान्समध्ये आपल्या कार्यक्रमांआधी मंचावर आणलं. म्हणजे लंडन, पॅरिस आणि परत डाकार! हायती थांबेल, आधी हे वर्तुळ पुरं करतो. अडचण एवढीच की त्यांचं १९९४ चं 'बूल फाले' कॅसेटवर आलेलं, तिथे ४५ ची युक्ती चालत नाही. पिच कंट्रोलवाला कॅसेट डेक शोधतोय. कुणाकडे असला तर किमतीआधी टेप वाचणारं हेड किती झिजलंय ते सांगा.