मामांची बुलेट: पहिला गिअर घाटीतच का पडत नव्हता

तीन आठवडे गिअरबॉक्सला शिव्या घातल्या. चूक गिअरबॉक्सची नव्हती, हे परवा संध्याकाळी खळ्यात (घरासमोरच्या अंगणात) कळलं.

मागच्या वेळी बॉक्स उघडून टेबलावर पसरलेला होता, तिथून पुढे. नव्यांसाठी एवढंच, की गाडी मामांची जुनी साडेतीनशे बुलेट, चार गिअरचा अल्बियन बनावटीचा गिअरबॉक्स, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. मामांचा उजवा घोटा मोडला आणि जुळला तो कायमचा ताठ. गाडी विकायला ते तयार नाहीत. किक ते डबल स्टँडवर गाडी चढवून, उजवीकडे उभे राहून डाव्या पायाने मारतात, पण गिअरला पंजा वर-खाली करता येत नाही. म्हणून टाकीच्या बाजूला हातगिअर.

बॉक्सचं काम सरळ झालं. ले शाफ्टचे (बॉक्समधल्या जोडीच्या शाफ्टचे) बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, लंबगोल झाले होते. ते फॉस्फर ब्राँझमध्ये कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतले. लेथवाल्याने जुना बुश बोटात फिरवून पाहिला आणि काही न विचारता योग्य मापाचा रॉड उचलला. असा माणूस भेटला की घाट उतरून-चढून गेल्याचं सार्थक होतं. उलट कुरिअरने मागवलेला गिअरचा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) कानशीने घासून पाहिला तर लोण्यासारखा मऊ. तो परत डब्यात टाकला आणि जुनाच फोर्क वेल्डिंगने भरून, घासून बसवला. शिम (पातळ चकत्या) घालून शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढला. चौथा टाकल्यावर बॉक्स एकदम शांत. टॉपमध्ये ताकद मेन शाफ्टवरून थेट स्प्रॉकेटला जाते, त्यामुळे तिथे आवाज आला असता तर रडायचीच पाळी होती. तो आला नाही. त्या रात्री दोन सोलकढ्या जास्त प्यालो.

मग हातगिअर. सोळा मिलिमीटरचा भरीव रॉड, ४६ सेंटिमीटर उंच, खाली पिव्हट (ज्यावर लिव्हर डुलते तो खिळा), तिथून दोन रॉड-एंड (फिरते सांधे) लावलेली दांडी थेट पायाच्या गिअर शाफ्टवर. पुढे ढकललं की वरचा गिअर, मागे ओढलं की खालचा, आणि प्रत्येक वेळी लिव्हर मधे परत. आतला रॅचेट, म्हणजे एका हालचालीला एकच गिअर बदलणारी दात्यांची यंत्रणा, आहे तसाच. वरची मूठ सावंतवाडीच्या लाखकामाची, लाल-पिवळ्या पट्ट्यांची. मामांनी पाहून विचारलं, "अरे, ह्या काय? पाळण्याचो खुळखुळो लावलंस?"

सपाट रस्त्यावर झकास. बंदरावर मी स्वतः वीस वेळा चारी गिअर वर-खाली केले, एकदाही चुकला नाही. मामा गाडी घेऊन वाडीची घाटी चढले आणि पायी खाली आले. "चढावार तिसऱ्यातसून दुसरो पडलो. मगे कितीय ओढलंय तरी पयलो पडणा नाय."

दुसऱ्या आणि पहिल्याच्या मधे न्यूट्रल असतो. त्यामुळे माझं डोकं लगेच तिकडे गेलं की बाहेरच्या कव्हरमधली स्टॉप प्लेट (गिअरची हालचाल कुठे थांबायची ते ठरवणारी पट्टी) सरकली असणार आणि गिअर न्यूट्रलपाशी अडकत असणार. बोल्ट ढिले केले, प्लेट केसभर हलवली, पुन्हा घाटी. तेच. उलटीकडे हलवली, तर सपाटीवरही तिसरा-चौथ्यामधे फॉल्स न्यूट्रल लागायला लागला, म्हणजे गिअर धड इकडे ना तिकडे. चार दिवस असे गेले. मग फोर्कवर संशय, म्हणून बॉक्स पुन्हा उघडला. फोर्क ठणठणीत. पॅकिंग मात्र फाटलं आणि खाऱ्या हवेत दोन रात्री उघडं राहिलेलं कव्हर कडेने पांढुरकं झालं, ते वेगळं घासावं लागलं.

परवा गाडी खळ्यात डबल स्टँडवर होती. आमचं खळं पाणी वाहून जावं म्हणून उतरतं आहे आणि गाडीचं तोंड नेमकं चढाच्या बाजूला. मागचं चाक हाताने फिरवत मी गिअर टाकत होतो. तिसरा, दुसरा, आणि मग मागे ओढलं तर लिव्हर नुसतीच हलली. ओढायला मार्गच उरला नव्हता! नीट पाहिलं तर दुसरा पडल्यावर लिव्हर मधे आलीच नव्हती. दोन बोटं मागेच रेलून उभी होती, जत्रेत दमलेल्या माणसासारखी. मुठीखाली एक बोट लावून तिला हलकेच पुढे आणलं. आत 'टक्' वाजलं. रॅचेटचा दात बसल्याचा आवाज. मग ओढलं, पहिला पडला.

गाडी फिरवून तोंड उताराकडे केलं. आता खालचे गिअर सगळे पडले आणि वरचे एकाआड एक हुकायला लागले.

म्हणजे गुरुत्वाकर्षण. पायाची लिव्हर हलकी असते, तिला मधे आणायला बॉक्समधली सेंटरिंग स्प्रिंग पुरते. मी त्याच स्प्रिंगच्या डोक्यावर पाऊण किलोचं लोखंड उभं केलं होतं. सपाटीवर ते जेमतेम तोललं जायचं. चढावर वजन मागे झुकलं की स्प्रिंग हरली, दात बसला नाही, पुढचा खालचा गिअर गेला. आणि घाटीत लागोपाठ खालचेच गिअर लागतात.

पहिला उपाय म्हणून काउंटरवेटचा हिशोब मांडला. पिव्हटच्या खाली आठ सेंटिमीटरवर जवळजवळ अडीच किलो हवं होतं. मच्छीमारांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्याही मागून आणल्या. पण बुलेटच्या थरथरीत अडीच किलो शिसं लटकवायचं म्हणजे त्याचा ब्रॅकेट आज ना उद्या तुटणार. रद्द. गोळ्या परत. त्याऐवजी ट्रॉलरच्या रेलिंगला वापरतात तो स्टेनलेसचा पोकळ पाइप, बाहेरचं माप तेच, वजन पाव किलोच्या आसपास. बंदरावरच्या वेल्डरने अर्ध्या तासात जोडून दिला, पैसे घेतले नाहीत, "आंबे पाठव" म्हणाला. पिव्हटपाशी दोन्ही बाजूंनी सायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा, एकमेकींविरुद्ध ताणलेल्या. काल घाटी तीनदा चढलो. पहिला तिन्ही वेळा पडला.

मामांची तक्रार आता वेगळी. गिअरला उजवा हात काढला की रेस सुटते. जुन्या विलायती हातगिअर गाड्यांत रेस खटक्याच्या लिव्हरने द्यायची, ती ठेवली तिथे राहायची, म्हणून उजवीकडचा गिअर त्यांना चालायचा. तिकडे १९२० च्या दशकाच्या शेवटी वेलोसेट या ब्रिटिश कंपनीच्या हॅरल्ड विलिसने पॉझिटिव्ह स्टॉपचा (दर दाबाला नेमका एकच गिअर बदलणारा) पायगिअर आणला आणि टाकीवरचे लिव्हर हळूहळू गेले. मी त्याच्याच रॅचेटवर पुन्हा हात लावतोय, हे त्याला कळलं असतं तर काय म्हणाला असता कोण जाणे. ग्रिपचा स्क्रू आवळून रेस अडकवून ठेवणं मला पटत नाही. घाटीत गुरं अचानक समोर येतात. मामांना सांगितलं, वरचा गिअर टाकताना रेस सुटलेलीच बरी आणि खालच्याला क्लच जरा हळू सोडा.

हे लिहिता लिहिता एक वेगळंच सुचलंय. न्यूट्रल फाइंडरची (दाबलं की थेट न्यूट्रलला आणणारी वेगळी लिव्हर, तिची) दांडी प्रत्येक गिअरबरोबर आपली जागा बदलते. म्हणजे ती रॅचेटला वळसा घालून थेट आत जोडलेली आहे. तिथेच हाताची लिव्हर जोडली आणि टाकीला खाचांचं गेट लावलं, तर लिव्हर मधे यायचा प्रश्नच संपतो आणि कुठला गिअर आहे ते नुसत्या हातानेही कळतं. अडचण एवढीच, की फाइंडर चौथ्या-तिसऱ्या-दुसऱ्यातून न्यूट्रलला आणण्यासाठीच केलेला आहे, पहिल्यापर्यंत तो नेत नाही. कव्हरमधला थांबा कापावा लागेल. त्यासाठी एक जुनं, तडा गेलेलं कव्हर माळ्यावर आहे, प्रयोग त्यावर.

मिरग तोंडावर आलाय, म्हणून आता बॉक्स उघडायचा नाही. तोवर सायकलच्या स्प्रिंगांना ग्रीस आणि वर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ठेवतो. मूठ मात्र मामांनी काल काढून घेतली. म्हणे पावसात रंग जाईल. सध्या पाइपच्या टोकावर अर्धी करवंटी आहे आणि ती हातात जास्त छान बसते.