कावळ्याचा फोटो कोण काढतो?

दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोला सगळे गुन्हे माफ असतात. पक्षी पानांआड अर्धा झाकलेला असो, डोळ्यावर फोकस नसो, ऊन थेट डोक्यावरचे असो, "कुठे दिसला?" या प्रश्नापुढे कोणाला बाकी काही सुचत नाही. कावळ्याला ही सवलत मिळत नाही. तो सर्वांनी पाहिलेला असल्यामुळे त्याचा फोटो केवळ "मी याला पाहिले" एवढ्या पुराव्यावर उभा राहू शकत नाही. त्यात पाहण्याजोगे काहीतरी असावेच लागते. म्हणूनच कावळा, पारवा, चिमणी आणि साळुंकी यांचे चांगले छायाचित्र काढणे मला अधिक अवघड, आणि खरे सांगायचे तर अधिक मजेचे वाटते.

कावळा तर कॅमेऱ्याच्या हिशेबातच बसत नाही. समोरचे दृश्य मध्यम करड्या तेजाचे आहे असे गृहीत धरून प्रकाशमापक चालतो. त्यामुळे कावळ्याने चौकट भरली की मापक त्याचा काळा रंग उजळून राखाडी करून टाकतो, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा प्रकाश, मायनसमध्ये न्यावे लागते. तोच कावळा उघड्या आभाळासमोर तारेवर बसला की सगळे उलटे होते. आभाळाच्या उजेडाने मापक फसतो, पक्षी सपाट काळी आकृती होऊन जातो आणि आता प्लसमध्ये जावे लागते. हे साधले, आणि उन्ह तिरपे असले, तर त्याच्या पाठीवर निळी-जांभळी झाक उमटते. ती एकदा पाहिल्यावर कावळ्याला नुसता काळा म्हणणे जमत नाही. उरतो तो डोळा. काळ्या पिसांत गडद डोळा हरवून जातो, म्हणून त्यात प्रकाशाचा एक ठिपका येईपर्यंत थांबावे लागते. एवढे थांबूनही एखाद्या फ्रेममध्ये डोळा दुधाळ, आंधळ्यासारखा दिसतो. हा लेन्सचा दोष नव्हे. पक्ष्यांना निमेषक पटल नावाची तिसरी पापणी असते आणि ती नेमकी त्याच क्षणी डोळ्यावरून सरकलेली असते.

पारव्याची अडचण वेगळी. चालताना तो मान पुढे-मागे हलवतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात डोके झटक्यात पुढे जाते, तिथेच स्थिर राहते आणि मागून शरीर येऊन त्याला गाठते. १९७८ साली बी. जे. फ्रॉस्ट या संशोधकाने पारव्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवले, तेव्हा पाय चालत असूनही भोवतालचे दृश्य सरकत नसल्यामुळे त्यांची मान हलेनाशी झाली. म्हणजे ही सारी धडपड समोरचे दृश्य डोळ्यांत स्थिर ठेवण्यासाठी असते. छायाचित्रकाराला यातून एक सोय मिळते: डोके थांबते त्या क्षणी शटर दाबले, तर चालता पारवाही स्वच्छ येतो. त्याच्या मानेवरचा हिरवा-जांभळा रंग पिसांच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्याने दिसतो, त्यामुळे पारव्याने मान किंचित वळवली की हिरव्याच्या जागी जांभळा येतो. दोन्ही रंग मनासारखे एका फ्रेममध्ये मिळावेत हा हट्ट मी अजून सोडलेला नाही.

चिमणीच्या बाबतीत खरा विषय आहे तो कालावधीचा. पिसे गळून नवी आली की चिमण्याच्या गळ्यावरचा काळा डाग फिकट टोकांखाली झाकलेला असतो. ती टोके झिजत जातात आणि विणीच्या हंगामापर्यंत, एकही नवे पीस न येता, डाग ठळक होतो. चोचही तपकिरीची काळी होते. हा बदल टिपायचा तर पक्षी वर्षभर समोर हवा, आणि ही सोय फक्त रोजचा पक्षीच देऊ शकतो.

अर्थात रोजचा म्हणजे कायमचा नव्हे. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी अब्जावधी पक्ष्यांचे होते. त्यांतील शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तिच्या जातीच्या जिवंत पक्ष्यांची जी मोजकी छायाचित्रे आज आहेत, ती पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची आहेत. ही उणीव मला अस्वस्थ करते.

साळुंकीचे बसलेले फोटो मी आता फारसे काढत नाही. तिची खरी शोभा पंख उघडल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांत आहे, आणि त्यांच्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते. उड्डाणाचा क्षण ओळखणे त्याहून कठीण. साळुंकी आधी जराशी दबते, अंग आवळते, आणि पुष्कळदा उडण्यापूर्वी शेपटी उचलून शिटते. ही शेवटची खूण सभ्य लेखनात सांगावी की नाही याचा मी विचार केला, पण शटरवर बोट ठेवून बसलेल्या माणसाच्या ती इतकी उपयोगाची आहे, की सांगून टाकलेली बरी.