अकरा किलोमीटर, दोन हजार पायडल

परभणीत राहून वसमत रस्त्यावरच्या गावात नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला सूर्य दोन्ही वेळा समोरूनच येतो. सकाळी पूर्वेकडे जायचे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे परतायचे. मोटारसायकलवर वीस मिनिटांत हे अंतर संपत असे, तेव्हा ही गोष्ट कधी माझ्या ध्यानातही आली नव्हती. सायकल घेतल्यावर ती पहिल्याच आठवड्यात आली आणि तेव्हापासून पुढे झाप असलेली टोपी ही जेवणाच्या डब्याइतकीच आवश्यक वस्तू होऊन बसली.

मी एका बँकेच्या गावातल्या शाखेत रोखपाल आहे. घरापासून शाखा ११ किलोमीटर अंतरावर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये थोरल्या मुलाचे महाविद्यालय प्रत्यक्ष वर्गात भरू लागले आणि घरातली एकुलती एक मोटारसायकल त्याच्याकडे गेली. नेमका त्याच दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता आणि वडापच्या जीपमध्ये उभे राहायलाही जागा मिळत नव्हती. गल्लीत दूध घालणाऱ्या गवळ्याने नुकतीच मोटारसायकल घेतलेली असल्यामुळे त्याची जुनी काळी सायकल दाराशी गंजत पडली होती. ‘संप मिटेपर्यंत’ असे स्वतःला बजावून मी ती विकत घेतली. पुढे संप मिटला, मुलाचे शिक्षणही संपत आले, परंतु सायकल तशीच राहिली. तिच्या कॅरिअरला किटल्या अडकवण्याचे दोन आकडे अजूनही आहेत आणि सुरुवातीच्या दिवसांत खानापूर फाट्याजवळ एका आजींनी मला हात करून थांबवले होते, कारण त्यांनी सायकल ओळखली होती आणि त्यांना अर्धा लिटर दूध हवे होते.

हिशेब ठेवण्याची सवय हा आमच्या धंद्याचा दोष म्हणावा लागेल. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्रीला ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर भरतो. म्हणजे पायडलाच्या एका पूर्ण फेरीत सायकल साडेपाच मीटर पुढे जाते आणि ११ किलोमीटरला दोन हजार फेऱ्या लागतात. जाताना दोन हजार, येताना दोन हजार. सायकलीला गिअर नाही आणि परभणीच्या सपाट मुलखात म्हणण्यासारखा चढउतारही नाही, त्यामुळे हा आकडा वर्षभर तोच राहतो. असे असूनही घरून निघून शाखेत पोहोचायला कधी चाळीस मिनिटे लागतात, तर कधी पूर्ण तास. बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर मी रोजच्या वेळा टिपून ठेवू लागलो, तेव्हा सात-आठ महिन्यांनी हा फरक कोणामुळे पडतो ते स्पष्ट झाले. तो वाऱ्यामुळे पडतो.

पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये सकाळी कोणीतरी पाठीला हात लावून ढकलत असल्यासारखी सायकल धावते आणि संध्याकाळी तोच वारा छातीवर हात ठेवून मागे लोटतो. हिवाळ्यात हे गणित उलटते. पूर्वेकडचा हलका पण बोचरा वारा सकाळी तोंडावर येतो, नाकाडोळ्यांतून पाणी काढतो आणि परतीच्या वेळेपर्यंत बहुधा पडलेला असतो, म्हणजे सकाळच्या कष्टांची भरपाई संध्याकाळी मिळेलच असे नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडून जी तापलेली झळ सुटते, तिला वारा म्हणणेही धाडसाचे ठरेल. ज्यांनी बरीच वर्षे सायकल चालवलेली नाही त्यांना समोरचा वारा म्हणजे काय हे सांगून पटत नाही. आपण ताशी १५ किलोमीटरने चाललो आहोत आणि समोरून वाराही तेवढ्याच वेगाने येतो आहे असे धरले, तर हवेचा अडसर दुप्पट नव्हे, चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शाळेत हे सूत्र मी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र असोला पाटीच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना झाड नाही आणि सोयाबीनची उघडी रानेच राने आहेत, तिथे मांड्यांना समजला.

शहरातून बाहेर पडताना कृषी विद्यापीठाची काळी कमान लागते. त्या भागातल्या झाडीपाशी आले की हवा एकदम गार होते आणि ती हद्द सोडली की पुन्हा उघडा रस्ता सुरू होतो. ‘परभणी मोती’ ही ज्वारी आणि ‘परभणी क्रांती’ ही भेंडी ज्या विद्यापीठाने शेतकऱ्यांना दिली, त्याच्या कुंपणालगतची ही सावली मात्र मी कोणत्याही वाणाइतकीच मोलाची मानतो.

लोकांना या वाऱ्याशी, सावलीशी काही घेणेदेणे नसते. त्यांना माझ्या सायकलीचे कारण हवे असते. पगारदार माणूस, तोही बँकेतला, सायकलीवर आला म्हणजे त्याच्या घरी काहीतरी बिघडले असले पाहिजे, असा आमच्याकडे सार्वत्रिक समज आहे. पहिल्या महिन्यात काउंटरच्या जाळीतून पैशांपेक्षा प्रश्नच अधिक आले. “गाडी इकली का काय सायेब?” “कामून सायकलीवर? शुगर निघाली का?” पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी आलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने तर आवाज खाली आणून, “हप्ते थकले असतील तर सांगा, आपल्या माणसापाशी काय लपवायचं,” असे मला, म्हणजे ज्या टेबलावरून त्यांच्याच थकबाकीच्या नोटिसा जातात त्या टेबलावरच्या माणसाला, अत्यंत मायेने विचारले होते. मी हसलो खरा, परंतु पुढचे चार दिवस सायकल शाखेच्या समोर न लावता मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीशेजारी लावत होतो, हेही येथे कबूल करायला हवे.

ही लाज सोडवली ती शाळेतल्या मुलींनी. मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. सकाळी नऊच्या सुमारास त्या दोघी-दोघी, तिघी-तिघी अशा रस्त्याच्या कडेने जात असतात. दप्तर पाठीला, ओढणी कमरेला गच्च बांधलेली आणि बोलणे अखंड चालू. त्या मला मागे टाकून जातात. सुरुवातीला त्या मागे वळून हसत असत, आता “काका, चेन वाजू लागली, तेल द्या” एवढेच सांगून पुढे निघून जातात. ज्या वाहनावरून त्या शिक्षण घेतात, त्याच वाहनाची मला लाज वाटावी हे काही बरोबर नव्हते. पाचव्या दिवशी सायकल पुन्हा शाखेच्या दारात आली.

पोशाखाचा प्रश्न त्या मानाने सहज सुटला. पँटचा उजवा पाय चेनमध्ये सापडून काळा होतो, म्हणून मी घोट्यापाशी नोटांच्या बंडलांना लावायची दोन रबरे गुंडाळतो. रोखपालाला रबरांचा तुटवडा कधी पडत नाही.

पंक्चरविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पावसाळा सरून रस्त्याकडेचे गवत वाळू लागले की सराटे पिकतात. हे छोटे काटेरी फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वरच्या बाजूला राहतो, आणि समोरून ट्रक आल्यावर सायकलवाल्याला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावे लागते ते बरोबर त्याच गवतात. त्याच दिवसांत शेतांच्या कुंपणांसाठी बाभळीच्या फांद्या वाहून नेल्या जातात आणि गाडीतून गळालेले इंच-दीड इंचाचे पांढरे काटे रस्ताभर विखुरतात. मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझ्या डायरीत नऊ पंक्चरांची नोंद आहे. पूर्वी दर फाट्यावर टायर लटकवलेली एक टपरी असे. आता त्या टपऱ्यांत मोटारसायकलींच्या ट्यूबलेस टायरचे काम चालते आणि सायकल दिसली की मालक मान हलवतो. माझ्या वाटेवर सायकलचे काम मनापासून करणारा एकच माणूस उरला आहे. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत बुडबुडे शोधायचे, कानशीने जागा खरवडायची, सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत ठिगळ हातात धरून थांबायचे, हे सगळे तो न बोलता करतो. काटा काढण्याआधी पंक्चर काढले तर घरी पोहोचेपर्यंत ते पुन्हा होणार, म्हणून तो टायरच्या आतून बोटे फिरवतो आणि टोचल्याशिवाय हात बाहेर काढत नाही. त्याने मला शिकवलेली गोष्ट अशी की, चाकात काटा रुतलेला दिसला तर तो उपटू नये. हवा काट्याच्या आधारानेच टिकलेली असते, तेव्हा तसेच दुकानापर्यंत यावे.

काळ्या मातीचा त्रास दोन प्रकारचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर केलेले डांबर वर्षभरात लाटांसारखे वरखाली होते आणि कडेने तुटत जाते. हा त्रास रोजचा असल्यामुळे अंगवळणी पडला. दुसरा पावसातला. मुख्य रस्ता सोडून शाखेकडे वळणारी शेवटची दीडशे मीटरची वाट कच्ची आहे. पहिल्या जोरदार पावसात मी तिच्यावर सायकल घातली आणि पन्नास पावलांतच चाक फिरायचे थांबले. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल इतका गच्च भरला होता की, तो काठीने खरवडून काढावा लागला, आणि पुन्हा दहा पावलांवर तेच झाले. शेवटी मी सायकल खांद्यावर घेतली. चप्पल हातात, पँट गुडघ्यापर्यंत आणि खांद्यावर सायकल अशा अवस्थेत रोखपाल साहेब येताना पाहून रांगेत उभ्या असलेल्या मंडळींनी वाट करून दिली. त्या दिवसापासून पाऊस झाला की मी सायकल मुख्य रस्त्यावरच्या हॉटेलच्या खांबाला कुलूप लावून ठेवतो आणि उरलेली वाट चालत जातो.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. पारा ४३ अंशांच्या पुढे गेला की कोणत्याही वाहनावर तोच हाल. एवढे मात्र खरे की, कोरड्या हवेत घाम आल्याचे समजतच नाही. तो आल्या आल्या उडून जातो आणि घरी गेल्यावर सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर दोन-तीन किलोमीटरला दोन घोट पाणी प्यावे लागते. डोक्याला ओली दस्ती बांधतो, आणि आई न चुकता खिशात कांदा घालते. तो उन्हापासून कसा वाचवतो हे त्या कांद्यालाच ठाऊक, पण दुपारच्या डब्याबरोबर तो फोडून खाता येतो.

ज्याची खरोखर भीती वाटते ते दिवस डिसेंबर-जानेवारीचे. पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि शाखेतली रोकड जुळवून मी निघतो तेव्हा अंधार पडू लागलेला असतो. याच काळात कारखान्यांचे गाळप जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून जातात, त्यांतल्या अनेकांच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर, आणि ट्रॅक्टर पुढे निघून गेला असे वाटावे तोच मागची ट्रॉली हेलकावे खात साइडपट्टीपर्यंत येते. एकदा बाहेर लोंबणाऱ्या उसाची टोके माझ्या खांद्याला घासून गेली. सदरा फाटला, मी गवतात पडलो, लागले मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि हँडलला आरसा बसवून घेतला. ट्रॅक्टरचा आवाज आला की आता मी उतरून बाजूला उभा राहतो. त्यात पाच-सात मिनिटे जातात, परंतु ती मी डायरीत वाऱ्याच्या खात्यावर टाकत नाही. त्यासाठी वेगळा रकाना केला आहे.

रस्त्यावरून फेब्रुवारी-मार्चमध्ये शिजत्या हळदीचा वास येतो. मोटारसायकलवर असताना तो नाकाला लागून लगेच मागे पडत असे. आता तो जवळजवळ अर्धा किलोमीटर सोबत राहतो आणि कोणाच्या रानात हळद शिजते आहे हेही मला सांगता येते.

सध्या मेचा शेवटचा आठवडा चालू आहे. गेल्या तीन दिवसांपासून सकाळचा वारा पश्चिमेकडून जाणवू लागला आहे. काल जायला ४१ मिनिटे लागली, यायला ५८.