तळहात खाली

नाशिकच्या पोराला सॅल्यूट करायला सांगा, तळहात समोर उघडाच येणार. देवळालीचं तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, भोसला लष्करी शाळेचं मैदान. इथली मुलं लष्कर बघतच मोठी होतात. समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं. मी नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता इथल्या एका भरती अकॅडमीत, नौदलात निवड झालेल्या मुलामुलींना चिल्काला जाण्याआधी शिकवतो. ओडिशातलं आयएनएस चिल्का ही नव्या नौसैनिकांची पहिली शाळा. पळणं, पोहणं, कवायत तिथे करून घेतातच. आपल्याकडून जाणाऱ्या पोराला तिथल्या रिवाजांमागचं कारण आधीच ठाऊक असावं, एवढा माझा आग्रह.

डिसेंबरातली सकाळ होती, थंडी कडक. एका मुलाचे वडील त्याला सोडायला आले आणि परत न जाता दाराशीच उभे राहिले. तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार. मुलगा नौदलात चाललाय हे त्यांना मनातून पटलेलं नव्हतं, हे मला मुलाकडून कळलं होतं.

मी सॅल्यूटचा सराव घेत होतो. तळहात खाली झुकलेला, समोरच्याला दिसता कामा नये. त्यांच्याच मुलाचा हात पुन्हा पुन्हा उघडत होता. मी तो तिसऱ्यांदा वळवला तेव्हा हवालदार साहेबांना राहवलं नाही.

"साहेब, हात झाकायचा कशापायी? आम्हाला शिकवलं, हात उघडा पाहिजे. हातात हत्यार नाही, हे समोरच्याला दिसावं."

प्रश्न रास्त होता. वर्गातल्या कुणीही आजवर तो विचारला नव्हता. मी त्यांना पुढे बोलावून खुर्ची दिली. शिडाच्या जहाजांवर दोरखंड कुजू नयेत म्हणून त्यांना डांबर चोळत. दिवसभर दोर ओढणाऱ्या खलाशाचे हात काळेकुट्ट. असा हात वरिष्ठाच्या तोंडासमोर धरायचा नाही, म्हणून तळहात खाली वळला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मग म्हणालो, "पण तुमचं कारण समुद्रावरही आहे, साहेब, आणि ते तुमच्याच तोफेत आहे. जुनी जहाजं परक्या बंदरात शिरताना तोफा उडवून रिकाम्या करायची. भरायला वेळ लागायचा, म्हणजे लढायला आलो नाही हे किनाऱ्याला कळायचं. तोफांची सलामी तिथून आली."

ते सरसावून बसले. एकवीस तोफांची सलामी त्यांनी सेवेत ऐकली होती, तिचा जहाजाशी असलेला संबंध त्यांना नवा होता.

पुढचा विषय क्वार्टरडेक. जहाजाचा हा मागचा भाग. कप्तान इथून हुकूम द्यायचा, आणि बंदरात असताना ध्वज इथेच फडकतो. म्हणून जहाजावर पाऊल ठेवताना आणि उतरतानाही तिकडे सॅल्यूट करायचा. समोर माणूस नसला तरी. एका मुलीला हे विचित्र वाटलं. माणूसच नाही तर सॅल्यूट कुणाला?

उत्तर हवालदार साहेबांनी दिलं. "आमच्याकडे पायदळासारखा पलटणीचा झेंडा नसतो, पोरी. तोफ हाच झेंडा. तिला आम्ही मान देतो, तिच्यावर बसत नाही, टेकत नाही, आणि शत्रूच्या हाती तर जिवंतपणी पडू देत नाही." वर्ग एकदम शांत झाला. इतकी वर्षं शिकवूनही मला ते इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

त्यानंतर मी नौदलाच्या ध्वजाचं चित्र फळ्यावर काढलं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत, नवी विक्रांत सेवेत आली त्याच दिवशी, त्यावरचा इंग्रजांच्या काळचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस कायमचा गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आत नांगर, खाली 'शं नो वरुणः'. वर्षभरात, जुलै २०२३ मध्ये, अधिकाऱ्यांनी हातात बॅटन, म्हणजे छोटी काठी, बाळगण्याची इंग्रजी पद्धतही नौदलाने बंद केली. मला हे मनापासून योग्य वाटतं. ज्या रिवाजामागे काम किंवा मान आहे तो ठेवावा, निव्वळ साहेबी तोरा आहे तो टाकावा. जहाजाची घंटा मात्र ठेवावी अशीच. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढतो, चार तासांच्या पाळीला आठ पुरे होतात. संध्याकाळची चार ते आठ ही पाळी दोन-दोन तासांत तोडलेली असते. दिवसात सहाऐवजी सात पाळ्या झाल्या की रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. निफाडचा एक मुलगा लगेच म्हणाला, "आमच्या शेतीच्या लाइटीसारखं, सर. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री." बरोबर ओळखलं त्याने.

वर्ग सुटला. हवालदार साहेब थांबले होते. मुलाला बाहेर पाठवून त्यांनी खरा प्रश्न काढला.

"जमिनीवर गोळा आला तर माणूस खड्ड्यात लोळतो. तिथं पोरानं जायचं कुठं?"

खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. मी 'खुकरी' या आपल्या युद्धनौकेबद्दल सांगितलं. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. शक्य तितक्यांना बाहेर काढत राहिले आणि जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मग हेही सांगितलं की जहाजावर आचाऱ्यापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाला आग विझवायला आणि आत घुसणारं पाणी अडवायला शिकवतात. खड्डा नाही, म्हणून जहाजच वाचवायचं. ते काम तुमचा मुलगा एकटा करत नाही, शेजारचा माणूस त्याच्यासाठी करत असतो.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तोफ सोडून पळायचं नाही, तसंच की." बाहेर जाऊन त्यांनी मुलाला सॅल्यूट करायला लावलं. हात बरोबर होता, कोपर खाली पडत होतं. त्यांनी ते दोन बोटांनी वर उचललं.

मुलगा चिल्काला गेला. पुढच्या बॅचची कवायत दर शनिवारी हवालदार साहेब घेतात. सॅल्यूट शिकवायची वेळ आली की मुलांना माझ्याकडे पाठवतात.